ऑक्युपेशनल थेरपीच्या (ओटीच्या) सेशनमध्ये मुलाचं मन लागत नाही तेव्हा

प्रश्न: आम्ही बडोद्याला, मांजलपूरला राहतो. मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, सौम्य ऑटिझम सांगितला आहे. गेले काही महिने आठवड्यातून दोनदा ओटीला नेते, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून कामांतूनच देतात त्या उपचारांना. पहिली दहा मिनिटं बरी जातात. मग तो जमिनीवर आडवा होतो, दाराकडे पळतो, नाहीतर मोबाइल मागतो. मॅडम म्हणतात, हळूहळू बसेल. सासूबाई म्हणतात, लाडावलाय, बाकी काही नाही. नवरा विचारतो, एवढे पैसे जातात, उपयोग काय? त्याचं मन लागावं म्हणून मी काय करू?

उत्तर:

ताई, पहिली दहा मिनिटं तो काम करतो असं तुम्ही लिहिलंत, मी तिथूनच सुरुवात करते. ज्याला काम जमतच नाही ते मूल पहिल्या मिनिटालाच दार गाठतं. तुमच्या मुलाला बसता येतं, सांगितलेलं समजतं, हातात घेतलेलं सुरू करता येतं. मग दहा मिनिटांनी काहीतरी बदलतं. अंग थकतं, किंवा काम अवघड होतं, किंवा इतकं सोपं होतं की त्यात राम उरत नाही, किंवा आता पुढे काय येणार हे कळत नाही म्हणून जीव घाबरतो. बाहेरून हे सगळं एकसारखंच दिसतं: मूल पळालं. आत कारण वेगळं असतं आणि इलाजही वेगळा.

माझं ठाम मत आहे की मुलाचं लक्ष धरून आणता येत नाही. अंग तयार असलं, काम आवाक्याच्या किंचित पुढचं असलं आणि त्या कामातून शेवटी खरंच काही होणार असलं, की लक्ष आपोआप येतं. त्यामुळे 'याला बसवायचं कसं' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि 'हा नेमका कशापासून पळतो' ते बघा. पुढच्या तीन-चार सेशनना एक छोटी वही न्या. पळाला की त्याच्या आधीचं एक मिनिट लिहा. कोणतं काम चाललं होतं, तो बसला होता की उभा, कोण बोलत होतं, शेजारच्या खोलीत कोणी रडत होतं का, पंखा कुरकुरत होता का. बहुतेक वेळा पानभर लिहून होण्याआधीच आईच्या लक्षात येतं.

आता अंगाची गोष्ट. तुम्ही त्याला किती वाजता नेता ते लिहिलेलं नाही, पण आमच्याकडे येणारी निम्मी मुलं शाळेतून थेट येतात. सकाळपासून शिस्तीत बसलेली, डबा अर्धा परत आणलेली, अ‍ॅक्टिव्हावर पुढे उभं राहून ट्रॅफिकचे हॉर्न ऐकत आलेली. अशा मुलाकडून लगेच मणी ओवून घ्यायचे म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. वेळ बदलता आली तर बदला. नाहीच जमली तर वीस मिनिटं आधी पोचा, काहीतरी चावून खायचं द्या (भाजलेले चणे, शेंगदाण्याची चिक्की, गाजर, घाई न करता, बसवून, तुमच्यासमोर) आणि मग गाडी लावून शेवटचा रस्ता चालत जा. त्याची पाण्याची बाटली आणि पुस्तकांची पिशवी त्यालाच उचलू द्या. ओझं उचलणं, ढकलणं, ओढणं यांनी स्नायूंना आणि सांध्यांना जी जाणीव मिळते तिने बरीच मुलं शांत होतात. क्लिनिकमध्ये आम्ही भरलेली टोपली ढकलायला देतो ती त्याचसाठी. ओझं मात्र त्याला हसत नेता येईल एवढंच हवं.

बडोद्यात राहण्याचा एक फायदा तुम्हाला आहे, घरोघरी झोपाळा. सेशनच्या आधी घरून निघत असाल तर त्याला मांडीवर किंवा शेजारी घेऊन पाच-सात मिनिटं संथ झोके घ्या, पुढे-मागे, एका लयीत. गोल फिरवायचं नाही, आडवेतिडवे हिसके नाहीत, 'आणखी जोरात' नाही. संथ, सरळ झोक्याने मज्जासंस्था निवते. जोरात आणि गरागरा फिरवलं की बहुतेक मुलं उधळतात, आणि उधळलेलं मूल खोलीत गेलं की मॅडमना पहिला अर्धा तास त्याला शांत करण्यातच घालवावा लागतो. झोपाळ्यावर तो पांढरा पडला, घाम आला, मळमळलं तर लगेच थांबा. फिट येत असेल तर झोपाळ्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

आणि आडवं होण्याबद्दल. सासूबाईंना तो आळस वाटतो, पण या मुलांपैकी कित्येकांचे पाठीचे आणि पोटाचे स्नायू सैल असतात. सरळ बसून राहणं हेच त्यांच्यासाठी मोठं काम असतं. त्यातच खुर्ची उंच असली आणि पाय लोंबकळत असले की दहा मिनिटांत ताकद संपते. तुम्ही स्वतः उंच स्टुलावर पाय अधांतरी ठेवून सुईत दोरा ओवून बघा. पावलं टेकली पाहिजेत, गुडघे आणि कंबर काटकोनात, टेबल कोपराच्या उंचीला. घरी त्याच्या पायाखाली जेवायचा लाकडी पाट ठेवा. क्लिनिकमध्ये तशी सोय नसेल तर मागून घ्या, त्यात संकोच कसला? पोटावर झोपून, कोपरांवर भार देऊन कोडं जुळवणं किंवा भिंतीला चिकटवलेल्या कागदावर उभ्याने रंगवणं हेही काम सुरू ठेवण्याचे चांगले मार्ग आहेत. आडवा झाला म्हणजे सेशन संपलं असं नाही, काम त्याच्याजवळ जमिनीवर नेता येतं.

यानंतरचा भाग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा रेंगाळते.

जीन एअर्स या अमेरिकन थेरपिस्ट बाईंनी (1920 ते 1988) आमच्या शास्त्राला जे दिलं त्यातली एक गोष्ट मी रोज वापरते. मुलापुढचं आव्हान बरोब्बर मापाचं हवं. आज जे जमतं त्याच्या एक बोटभर पुढचं. माप चुकलं की मुलाचं मन उडतं, मग ते वरच्या बाजूला चुको की खालच्या. हे मुलाच्या वागण्यावरून वाचता येतं. काम अवघड झालं की मूल अचानक घाई करतं, मणी उधळतं, खोटं खोटं हसतं, पाणी मागतं, शू लागली म्हणतं. काम फार सोपं झालं की हात चालू राहतात आणि डोळे खिडकीबाहेर जातात. तुमचा मुलगा दहाव्या मिनिटाला यातलं काय करतो ते वहीत आलं पाहिजे.

मापात आणायचं कसं? मणी ओवण्याचंच घ्या. सुरुवात जाड वायरने आणि मोठ्या भोकाच्या लाकडी मण्यांनी, कारण वायर वाकत नाही, दुसऱ्या हाताला मणी शोधत बसावं लागत नाही. मग बुटाची लेस, तिचं टोक कडक. मग साधा दोरा. वायरवर भराभर जाणारं मूल दोरा दिला की टेबलाखाली जातं, आणि आपल्याला वाटतं मणी आवडत नाहीत. मधली लेसची पायरी राहून गेलेली असते, बस्स.

कपड्यांसाठी उलटी पायरी वापरा. शर्टाचं बटण तुम्ही काजात अर्धं घाला, शेवटचं ओढून बाहेर काढणं त्याचं. ते पक्कं झालं की त्याच्या आधीचं ढकलणंही त्याचं. असं मागून पुढे शिकवलं की प्रत्येक खेपेला काम संपवण्याचा आनंद मुलाच्या वाट्याला येतो. पुढून शिकवलं की सुरुवात त्याची आणि 'थांब, दे इकडे' आपलं. मग त्याने दुसऱ्यांदा हात का लावावा? सँडलचा वेल्क्रो, डब्याचं झाकण, चड्डी वर ओढणं, सगळं असंच.

पण माप नेमकं असूनही मूल पळतं, कारण त्याला त्या कामाचा अर्थ लागत नाही. पेगबोर्डात खुंट्या लावायच्या, भरल्या की 'व्हेरी गुड', आणि पुन्हा सगळ्या काढून डब्यात. आता मुलाच्या जागी बसून विचार करा: हे कशासाठी? मोठ्या माणसाला विटा इकडून तिकडे आणि तिकडून परत इकडे रचायला लावल्या तर तोही दहा मिनिटांत बसकण मारेल. आमचं शास्त्र उभं राहिलं तेच विणकाम, सुतारकाम, बागकाम अशा खऱ्या कामांवर. ज्यांनी ते भारतात आणलं त्या कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकन, लग्न करून निंबकरांच्या घरी आलेल्या. 1950 साली मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात त्यांनी या विषयाचं देशातलं पहिलं शिक्षण सुरू केलं. साधनांचे कॅटलॉग फार नंतर आले. 2019 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधक बायकांनी मुलांच्या ओटीवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. त्यातही जे उपाय भक्कम ठरले ते हेच: मुलाला आणि घराला हवं ते उद्दिष्ट ठरवणं, तेच काम प्रत्यक्ष करायला लावणं, घरी सराव, आईबापांना शिकवणं.

म्हणून तुमच्या सासूबाई या कामात मला हव्यात. त्या देवासाठी फुलवाती करत असतील तर मुलाला शेजारी बसवा. नीट बघा त्यात काय काय आहे. सरकी काढलेल्या किंवा पुडीतल्या कापसाचा एवढासा पुंजका चिमटीत घ्यायचा, दोन्ही हातांच्या बोटांनी हलके हलके पसरून चकती करायची, फाटू द्यायची नाही. मग कडा गोळा करून वरचं टोक अंगठा आणि दोन बोटांत धरायचं, बोटाला जरासं दूध लावायचं आणि पीळ द्यायचा. हा पीळ द्यायला जी तीन बोटं लागतात तीच पेन्सिलीला लागतात. जास्त दाबलं तर वात चपटी होते, कमी दाबलं तर उलगडते. म्हणजे जोर किती लावायचा हे कापूसच शिकवतो, आपण ओरडून सांगायचं काही उरत नाही. आणि संध्याकाळी तीच वात निरांजनात पेटते. 'ही माझी' म्हणून मूल दाखवतं. आमच्याकडे एक मुलगी यायची, बोटांच्या सरावाच्या चिमट्यांना हात लावत नसे, लावला तर फेकायची. तिच्या आजीने पहिल्यांदा तिला फक्त शेवटचा पीळ द्यायला ठेवला. पुढे ती ताटलीत वाती ओळीने मांडून ठेवायला लागली, मोजायला लागली, बाबांनी त्यातली एक उचलली तर परत जागेवर ठेवून घ्यायची. चिमटे तिने पुढेही फारसे घेतले नाहीत, आणि त्याची गरजही उरली नाही.

कोरड्या कापसाच्या स्पर्शाने काही मुलांच्या अंगावर काटा येतो. तुमचा त्यातला असेल तर वाती सोडून द्या, जबरदस्तीने 'सवय' लावू नका. हिवाळ्यात उंधियूसाठी तुवेर (तुरीच्या शेंगा) सोलायला बसवा. भाकरीच्या पिठाची गोळी, दारातली ठिपक्यांची रांगोळी, डाळीतले खडे, मोगऱ्याच्या कळ्या खुडणं, घरात काम कमी नसतं. उत्तरायणला बाबांच्या मागे फिरकी धरायला उभा करा. ओढ आली की सैल सोडायची, ढील संपली की गुंडाळायची, दोन्ही हात वेगवेगळं करतात आणि डोळे पतंगावर. लक्ष दिलं नाही तर दोरा गुंतणार, हे त्याला कोणी सांगायला लागत नाही. दोरा साधा सुती घ्या, काच लावलेला मांजा त्याच्या हातात नको, आणि गच्चीला कठडा हवा. गर्दीचे कर्णे आणि 'काय पो छे'च्या आरोळ्या सहन होत नसतील तर सकाळी लवकर किंवा आदल्या दिवशी जा.

आता आवड. बरीच मंडळी मुलाची आवड बक्षीस म्हणून बांधून ठेवतात, 'पहिले हे कर मग गाडी'. मी आवड कामाच्या आत घेते. एक मुलगा आगगाड्यांचा वेडा होता. अडथळ्यांची शर्यत म्हटलं की भिंतीला चिकटायचा. आम्ही त्याच गाद्या, बोगदा, फळी मांडली आणि प्रत्येकाला नाव दिलं: वडोदरा, विश्वामित्री, मकरपुरा, वरणामा, इटोला. तो गाडी झाला. फळीवरून तोल सांभाळत मकरपुरा पार केलं, बोगद्यातून रांगत वरणामा, इटोल्याला दोन्ही पायांनी उडी. स्टेशन चुकलं तर स्वतःच मागे जायचा. पुढे कागदावर रूळ काढायला लागला, आणि रूळ म्हणजे उभ्या दोन रेघा, त्यावर आडव्या पट्ट्या, फाटा फुटला की तिरकी रेघ. लिहिण्याआधी ज्या रेघा यायला हव्यात त्या सगळ्या आल्या. तुमच्या मुलाचं वेड कशाचं आहे ते मॅडमना सांगितलंय का? लिफ्ट, पंखे, कचऱ्याच्या गाडीचं गाणं, काहीही चालतं.

भाषेचा मुद्दा आपल्या घरांसाठी मुद्दाम लिहिते. घरी मराठी, शेजारी आणि रिक्षात गुजराती, शाळेत इंग्रजी, आणि थेरपिस्ट बहुतेक गुजराती किंवा हिंदी बोलणारी. ज्या मुलाला एका भाषेतलीच सूचना पचवायला वेळ लागतो त्याला 'बेसी जा, सिट डाउन, बस रे राजा' असं तिघांनी तीन भाषांत सांगितलं की तो कान बंद करतो. दुसऱ्या भाषेने मूल बिघडतं असं मुळीच नाही, घरची मराठी कोणी सोडायला सांगितलं तरी सोडू नका. फक्त खोलीत एका वेळी एकानेच बोलावं. आणि त्याचे घरचे शब्द एका कागदावर लिहून मॅडमना द्या: पाण्याला काय म्हणतो, 'झालं' हे कसं सांगतो, शूला कोणता शब्द, नको असेल तर काय करतो. टाळ्यांची, बोटांची जी बडबडगीतं तुम्ही म्हणता त्यांचं रेकॉर्डिंग करून द्या. ओळखीच्या चालीवर हात लवकर चालतात. गरब्यातली बे ताळी, त्रण ताळी (दोन आणि तीन टाळ्यांचा ठेका) तर इथल्या प्रत्येक मुलाच्या कानात असते, थेरपिस्टलाही येते; दोन्ही हात शरीराच्या मधल्या रेषेवर आणायला त्याहून सोपं काही मला सापडलेलं नाही.

सूचना दिली की गप्प राहा. मनात दहापर्यंत मोजा. आपण तिसऱ्या सेकंदाला पुन्हा सांगतो, आणि त्याच्या डोक्यात पहिली सूचना अजून चाललेली असते, ती तिथेच तुटते. मी आयांना हे सांगते तेव्हा त्या हसतात, पण करून बघितल्यावर त्यांनाच नवल वाटतं.

'करायचं का?' असं विचारू नका, कारण 'नाही' म्हणाला तर आपण ते ऐकणार नसतो, आणि मग त्याला कळतं की त्याच्या बोलण्याला किंमत नाही. दोनातलं एक निवडू द्या: आधी मणी की आधी कात्री? लाल वायर की निळी? समोर चार कामांची चार चित्रं ओळीने लावून ठेवायला सांगा, झालेलं चित्र त्याने स्वतः काढून डब्यात टाकायचं. चौथं गेलं की घर. शेवट दिसत असला की मुलं आश्चर्य वाटावं इतका धीर धरतात. वाळूचं घड्याळही चांगलं, त्याला आकडे वाचावे लागत नाहीत.

मोबाइल. 'सेशन पूर्ण केलंस तर मोबाइल' हा सौदा बंद करा. हा सौदा ठरला की मुलाचं मन पाऊण तास मोबाइलपाशीच असतं, हातातलं प्रत्येक काम मधला अडथळा होतो. तुम्ही खोलीबाहेर बसून फोन बघत असाल आणि दार उघडताना त्याला तो दिसत असेल तर तेवढंही पुरतं. आधीच ठरलेली सवय एका दिवसात मोडणार नाही, दोन-तीन सेशन रडारड होईल, मॅडमना आधी सांगून ठेवा. परतीच्या वाटेवर दुसरं काहीतरी ठरलेलं असू द्या. कामाटीबागेत हिरवळीवर अनवाणी पळणं, आजोबांबरोबर सुरसागरला एक चक्कर. ते काम चांगलं झालं तरी आणि वाईट झालं तरी मिळायचं. ते बक्षीस नाही, दिवसाचा भाग आहे.

कौतुक जरूर करा, पण काय बघितलंत ते सांगा. 'शाब्बास, शाब्बास' सारखं ऐकून मुलांना त्याचा अर्थ उरत नाही. 'दोन्ही हातांनी धरलंस, म्हणून नाही सांडलं' हे त्याला उद्या उपयोगी पडतं.

तुम्ही आत बसायचं की बाहेर? काही मुलं आई दिसली की आईकडेच पळतात, काहींना आई नसली की सुचत नाही. याला नियम नाही, दोन्ही करून बघा. पण कधीच आत येऊ देत नाहीत, काचेतूनही बघू देत नाहीत, 'आईबाप आले की बिघडतो' एवढंच सांगतात, असं असेल तर मला ते पटत नाही. आठवड्याचे दोन तास थेरपिस्टचे, बाकीचे सगळे तुमचे. तिथे काय चालतं ते तुम्हाला दिसलंच पाहिजे, त्याशिवाय घरी करणार काय?

पळणं आणि त्रास होणं यांत फरक करायला शिका. कान झाकणं, उमासे येणं, ओठ पांढरे पडणं, श्वास जोरात होणं, अंग कडक होणं, स्वतःला चावणं, रडणं थांबतच नाही, ही थांबण्याची खूण आहे. तेव्हा काम बाजूला, प्रकाश कमी, बोलणं बंद, हवं असेल तर घट्ट मिठी. मूल घाबरलेलं असताना काही शिकत नाही. त्याचे हात धरून जबरदस्तीने काम 'करून घेणं' हेही तसंच; त्याचा हात वर आणि तुमचा खाली ठेवा, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला काढून घेता येतो. मुलाला खुर्चीला बांधणं, दार लावून रडू देणं, चापट मारणं, हे कुठे होत असेल तर त्याच दिवशी ती जागा सोडा.

अचानक मन उडायला लागलं असेल तर शरीराकडेही बघा. बद्धकोष्ठ, जंत, दुखणारी दाढ, कानात मळ, रात्री घोरणं, चष्म्याची गरज. ऑटिझम आहे म्हटल्यावर सगळं त्याच्याच खात्यावर टाकलं जातं आणि पोट दुखत असलेलं मूल महिनोन्महिने 'हट्टी' ठरतं. नवरात्रीतले नऊ दिवस बडोद्यात कोणाचीच झोप होत नाही, त्या दिवसांत सेशन हलकं ठेवा किंवा एखादं सोडून द्या. सोसायटीत लहान मुलांचा गरबा आधी होतो, तेवढ्यापुरतं स्पीकरपासून लांब नेऊन आणा.

'सेन्सरी' (स्पर्श, तोल, दाब अशा जाणिवांवरचे उपचार) या नावाखाली हल्ली बरंच काही विकलं जातं, तेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्येच म्हटलं होतं की या उपचारांचा पुरावा मर्यादित आहे हे पालकांना सांगावं, आणि परिणाम होतोय की नाही ते ठरावीक मुदतीत तपासावं. झोपाळा, ओझं, दाब यांनी मूल कामाला तयार होतं, माझा रोजचा अनुभव आहे. पण तासभर फक्त झोपाळा आणि बॉलपिट चाललं असेल तर तयारी करूनच घरी आलात. वजनदार जॅकेट, महागडे दिवे घेण्याआधी विचारा: याने त्याला घरात नेमकं काय करता येईल?

तुमच्या नवऱ्याचा प्रश्नही इथेच येतो, आणि तो रास्त आहे. मॅडमबरोबर बसून येत्या तीन महिन्यांसाठी एक, फार तर दोन कामं ठरवा. 'लक्ष वाढवणं' असं नको, ते मोजता येत नाही. 'शाळेचा डबा स्वतः उघडेल', 'शर्टाची खालची तीन बटणं लावेल', 'जेवताना पानावर शेवटपर्यंत बसेल' असं. आजच बाबांनी त्या कामाचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढावा, तारीख दिसेल असा, आणि दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही, व्हिडिओत दिसतो. तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर उद्दिष्ट बदला, पद्धत बदला, आणि तेही करायची तयारी नसेल तर थेरपिस्ट बदला. घरी दहा मिनिटं रोज, ठरलेल्या वेळी, पुरतात. आजीबरोबर असतील तर उत्तम, कारण आजीला घाई नसते.

सासूबाईंना 'तो लाडावलेला नाही' हे पटवत बसू नका. त्यांना एकदा सेशनला घेऊन जा आणि त्या दिवशी पाट बरोबर न्या. मॅडमना आधी फोन करून विचारा की पहिल्या काही मिनिटांतच बसून करायचं काम संपवून नवव्या मिनिटालाच त्याला उठवता येईल का. म्हणजे तो आडवा व्हायच्या आत गाद्या ढकलायला, मग परत टेबलाशी, छोट्या कामाला. वहीतली पानं त्यांना दाखवा. दोनेक आठवड्यांनी त्या पानांत काय दिसलं ते मला लिहा, म्हणजे पुढचं काम कोणतं घ्यायचं ते नेमकं सांगता येईल.